गुरांच्या हौदातले नाना

पोळ्याचा आदला दिवस, सकाळ. गावच्या दगडी हौदापाशी हजर: सरपंच अक्का, जेसीबीवाला, मी आणि भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांना सगळे नाना म्हणतात.

लांबट, खोलगट काहीही दिसलं की नानांच्या लेखी तो हौद. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमध्ये खचलेलं तापीचं खोरं हा देवाचा हौद, आपण त्यातली ढोरं. बातम्यांतला कमी दाबाचा पट्टा हा आभाळातला हौद. घरची झोळ पडलेली खाट हा बायकोने नेमून दिलेला हौद.

अक्कांना खरा हौद पाडून तिथे सेल्फी पॉइंट करायचा होता. "घरोघरी नळ आल्यापासून कोणी वापरतच नाही," त्या म्हणाल्या. नानांनी सदरा काढला, नळ बिघडल्यापासून कोरड्या पडलेल्या हौदात बसले, तांब्याभर पाणी अंगावर घेतलं आणि साबण चोळू लागले.

"नाना, बाहेर निंघा! हाऊ हौद बैलस्ना शे!" अक्का ओरडल्या.

"मंग बैलस्ना हौद कसाले पाडी ऱ्हायनी, अक्का?"

जेसीबीवाल्याने हसत मशीन मागे घेतलं. अक्काही पदर तोंडाला लावून निघून गेल्या. डोळे मिटलेले नाना पाण्यासाठी मला हाका मारत राहिले.

हौदाचा नळ अजून दुरुस्त करायचा आहे.