चहाची वीस मिनिटं

साधनाबाई साळवे नाशिकहून एसटीने सायखेड्याच्या पलीकडच्या एका शाळेत शिकवायला जायच्या, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. सहा दिवस शाळा, आणि रविवारी त्याच गावात ख्रिस्ती मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबलचे धडे. गुडघ्यांनी कधीच रामराम ठोकला होता, बाईंनी नाही.

तिथे दहावीच्या परीक्षेचा एक रिवाज होता आणि तो कुणी लपवतही नव्हतं. गणिताच्या पेपरला शेवटची वीस मिनिटं वर्गावरच्या शिक्षकाने चहाला जायचं. बाहेर चहा, आत कॉप्या. शाळेचा निकाल झकास, पालक खूश. एकट्या साधनाबाई जायच्या नाहीत. देवाला हे चालत नाही म्हणून वर्गातच उभ्या राहायच्या. त्यापायी काय काय ऐकलं त्यांनी! "ह्या काय स्वर्गाचं तिकीट काढून आल्यात का?" त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की गप्पा बंद. एका वर्षी तर पालकांनी गेटवर अडवलं. बाईंचं उत्तर एकच, "मला नाही जमणार." पण बाईही माणूसच हो! मार्च जवळ आला की नको वाटायचं सगळं.

यंदा त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. हेडमास्तर रंगनाथ सर म्हणाले, "बाई, लय ताणलं तुम्ही. आता तरी गोडीत जाऊ द्या." त्याचं बाईंना काही वाटलं नाही, सवयीचंच होतं ते. पण पेपरच्या आदल्या रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर खुद्द तिथले धर्मगुरू, मंडळीचे पाळक, जवळ आले. त्यांची मुलगी कृपा बाईंच्याच खोलीत बसणार होती आणि गणितात पार कच्ची होती.

"बाई, जगात राहायचं तर थोडं जगासारखं वागावं लागतं," पाळक हळूच म्हणाले. "पोरीचं वर्ष वाया जाईल."

ज्या तोंडून दर रविवारी याच्या उलट ऐकलं, त्याच तोंडून हे! बाई चिडल्यासुद्धा नाहीत. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

पेपरला वीस मिनिटं उरली तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिलं, पदर सारखा केला आणि त्या बाहेर पडल्या. रंगनाथ सरांनी स्वतः उठून खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली. कुणी टोमणा मारला नाही. आणि खरं सांगायचं तर बाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चारचौघांसारख्या चारचौघांत बसल्या होत्या.

निकाल लागला. अख्खी खोली पास, एकटी कृपा गणितात नापास. पाळकांचा फोन आला, "तुम्ही गेला होतात ना बाहेर? मग हे कसं?" बाईंनाही कळेना. रविवारी शब्बाथशाळा सुटल्यावर त्यांनी कृपाला थांबवून घेतलं.

"सगळ्यांनी लिहिलं, मग तू का नाही गं?"

"मागच्या मुलीने कागद दिला होता, बाई. मी परत केला." कृपाचे डोळे रडून सुजले होते, पण मान ताठ होती. "पप्पा खूप ओरडले. पण तुम्ही कधीच बाहेर जात नाही, हे सगळ्या गावाला माहितीये. यंदा गेलात. मला वाटलं, मी आत आहे म्हणून गेलात. मी नाही करणार अशी खात्री होती ना तुम्हाला?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीला धीर आला असता, बाईंची अब्रू राहिली असती, आणि खरं काय ते कुणाला कळलंही नसतं. केवढा मोह तो! बाई बाकावर टेकल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"नाही गं पोरी," त्या म्हणाल्या. "मी दमले होते. तू कॉपी करावीस म्हणूनच गेले होते मी."