चोवीस तास हात लावायचा नाही

मॉडेलं बनवणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी बायको रद्दीत देते. किस्से रद्दीवालाही घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय!

आमचं टोळकं चौघांचं. मी, बँकेतली श्रेया, वेसाव्याचा जयवंत आणि आमचे गुरू सावंतकाका. दर रविवारी सकाळी अंधेरीला काकांच्या घरी जमायचं आणि छोट्या गाड्या, विमानं, बोटी रंगवायच्या. शेवटी वरून ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर. लोक तो स्प्रेने मारतात, आम्ही ब्रशने. कारण काकांनी एकदाच कॉम्प्रेसर लावला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू "गिरणी कधी टाकलीत?" असं विचारत वर आल्या.

काकांचे नियम दोनच. एकदा ब्रश फिरवलेल्या जागी परत जायचं नाही आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसरा नियम मोडणाऱ्याला काका थेट मालवणीत घेतात, "मेल्या, बोटां मोडीन तुझी!"

*

ओल्या क्लिअरवर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद ठेवतो. मे महिना, खिडक्याही बंद. श्रेया लाल डबलडेकरच्या टपावर ब्रश फिरवत होती आणि नाकावरून घामाचा थेंब बरोब्बर टपावर!

"काका, वाट लागली यार!"

काकांनी चष्मा वर करून बघितलं. "राहू दे गो. टप गळल्याशिवाय खरी बस वाटत नव्हती."

*

धुळीवर माझा उपाय म्हणजे मॉडेलवर भांडं उपडं घालायचं. एकदा घरी इडलीपात्र वापरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बायकोची मावशी आली. पीठ तयार, चटणी तयार, आणि पात्राखाली माझं विमान!

"सुकायला अजून सहा तास आहेत," मी म्हणालो.

बायकोने मुकाट्याने पोहे भिजवले. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांना सांगते, "आमच्याकडे इडली विमान हलल्यावर मिळते."

*

आता जयवंतचं. त्याचे वडील आयुष्यभर तांडेल, स्वतःची म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, बोट चालवलेली. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली, म्हणजे अगदी अंधार नाही, पण समोरचं सगळं धूसर. बोट विकावी लागली. त्या दिवसापासून म्हातारा किनाऱ्यावर गेला नाही.

जयवंतने त्याच बोटीचं हातभर मॉडेल केलं. नारळी पुनवेला रंगवून पाण्यात सोडायचे तशीच चकचकीत हवी, हा हट्ट. वडील म्हणाले, "खेलना हाय. माना नको दाखवू." त्याला खूप लागलं ते. बाने एकदा तरी बघावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्या घाईत दोनदा तो अर्धवट सुकलेल्या जागी परत ब्रश घेऊन गेला. दोन्ही वेळा पांढुरके चट्टे! दोन्ही वेळा सगळं घासून काढलं. तिसऱ्या वेळी काका शेजारी उभे राहिले. "पुढे जा. मागे बघू नको." आणि जमलं रे, झकास जमलं!

त्याच सकाळी जयवंतची बायको सासऱ्यांना चहाच्या निमित्ताने काकांकडे घेऊन आली. जयवंतने बोटीवरचं घमेलं उचललं. थर मारून जेमतेम तास झाला होता.

म्हातारा खुर्चीतून वाकला, नाक टेकेल इतका. आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने बोटीच्या कुशीवरून सगळा पंजा फिरवला!

आम्ही तिघांनी काकांकडे बघितलं. काका ब्रश पुसायला लागले.

म्हाताऱ्याने बोटं एकमेकांवर चोळली. "ओली हाय अजून. आताच आयली का?"

"हो बा," जयवंत म्हणाला. "आताच."

"मंग उबा काय रं? म्हावरा उतरव!"