घोटीच्या माळावर मनोरा उभा राहिला

“माळावर मनोरा उभा करायचाय, येतेस?” मनीषाचा फोन आला आणि शनिवार-रविवारची कामं मी बाजूला सारली. ही माझी कॉलेजची मैत्रीण, छोट्या पवनचक्क्यांचे मनोरे बनवते. नाशिकच्या गंगापूर रोडवरून उजाडताच निघालो. घोटीपर्यंत महामार्ग झकास. तिथंच मिसळ खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही. वरचा कच्चा रस्ता लहान गाडीला झेपतो, पण पावसाळ्यात धाडस नको.

वर रामदासभाऊ आणि कमलकाकूंचं घर. काकूंना दमा आहे. पावसात इथली लाइट दोन-दोन दिवस जाते आणि वाफेचं मशीन बंद पडतं. आभाळ भरलेलं, त्यामुळे सोलर निरुपयोगी. वारा मात्र भरपूर. गेल्या वर्षी भाऊंनी पवनचक्की थेट छपरावर बसवली होती.

“घर लय हादरायचं. पत्रे निघाले,” भाऊ म्हणाले. “आता धास्तीच वाटते.”

“म्हणून तर घरापासून लांब आणि झाडांच्याही वर न्यायची,” मनीषा म्हणाली. “खाली वारा गरगरतो, वर सरळ लागतो.”

लोखंडी नळ्यांचा लांबलचक खांब, टोकाला पवनचक्की, बुडाला बिजागरी, चहूबाजूंनी तारांचे ताण. ट्रॅक्टरनं दोर ओढला की आडवा खांब उभा राहणार. अर्ध्यावर आला आणि मनीषा ओरडली, “थांबा!” एक ताण ढिला पडला होता, त्याचा खुंटा मुरमातून वर येत होता. हळूहळू खांब पुन्हा जमिनीवर टेकवला.

“राहू द्या ताई,” भाऊ म्हणाले. “आमच्या नशिबातच नाय.”

“नशिबाचं काही नाही भाऊ. मुरूम घट्ट असेल असं मीच धरून चालले.”

“मग परत खणा की,” काकू ओट्यावरून म्हणाल्या. दम घेऊन पुढं म्हणाल्या, “मी भाकऱ्या टाकते.”

संध्याकाळपर्यंत सगळे खणत होतो. ढिल्या ताणासाठी खोल खड्ड्यात लोखंडी गर्डर आडवा पुरला, तार त्याला बांधली, वर दगड-मुरूम ठोकून बसवला. मुक्काम तिथंच. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं; पैशांचं नाव काढताच काकू रागावल्या.

सकाळी वारा सुटायच्या आत ट्रॅक्टर पुन्हा लावला. या वेळी खांब सरळ उभा राहिला. दुपारी पाती गरगरा फिरू लागली, तसे भाऊ घरात गेले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले.

“हालत नाय,” ते म्हणाले. मनीषानं तोंड फिरवून डोळे पुसले.

नाशिकला परतल्यावर खांदे आठवडाभर दुखले. मग पावसाळा लागला. आषाढातल्या एका दुपारी काकूंचा फोन आला. लाइट कालपासून गेलेली, भाताची लावणी सुरू, गाय व्यालेली, खरवस न्यायला कधी येता? त्या बोलत होत्या, मध्ये कुठंही दम घ्यायला न थांबता.