विद्यापीठ तटस्थ आहे

कुलसचिव शिपायाला म्हणाले, "तिच्या गळ्यातलं आय-कार्ड काढून घे."

शिपाई घुटमळला. मग त्यानं फीत माझ्या डोक्यावरून ओढली. ती वेणीत अडकली. त्यानं पुन्हा ओढली. प्रयोगशाळेत सगळे उभे होते. माझे मार्गदर्शक सरही. दारात दोन पोलीस.

कुलसचिव माझ्याकडं न बघता पोलिसांना म्हणाले, "यांना सवलतीत शिकायची सवय. मग सगळंच फुकट वाटतं."

'यांना' म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं. मी नायगावकडच्या एका खेड्यातल्या मांगवाड्यातली. सर खाली बघत राहिले.

अर्धापूरच्या केळीच्या शेतांतल्या मातीवर मी पीएच.डी. करत होते. त्यासाठी लागणारे शोधनिबंध एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटवर कुलूपबंद. विद्यापीठानं वर्गणी भरलेली, म्हणून आम्हाला उघडायचे. निलंग्याच्या कॉलेजातली एक मुलगी शिबिरात भेटली. म्हणाली, "ताई, आमच्याकडं नुसतं नाव दिसतंय. आत काय हाय ते न्हाई दिसत."

तिला एक निबंध पाठवला. मग तिच्या मैत्रिणींना. शेवटी मी माझ्याच नावानं वेबसाइट काढली आणि हजारो निबंध तिथं ठेवले. लपवलं नाही. विकलं नाही. त्यात एक निबंध आमच्या सरांचा होता. त्यासाठीची माती मीच शेताशेतांतून पिशव्या भरून आणलेली. आणि तो अर्धापूरच्या कॉलेजात वाचता येत नव्हता.

कंपनीची तक्रार आली. विद्यापीठानं मला बोलावून एक शब्द विचारला नाही. थेट पोलिसांत गेलं.

जामीन झाला तेव्हा आई आली होती. मजुरी बुडवून.

"पोलिसानं अंगाला हात लावला का?"

"न्हाई."

"मग चल."

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. गाव येईपर्यंत वळली नाही.

मी वेबसाइट बंद केली. कंपनीनं कळवलं, आता आमची तक्रार नाही. पण केस उभी होती विद्यापीठाच्या फिर्यादीवर. वकील म्हणाले, "हिला हे निबंध उघडायची परवानगी होती, एवढं विद्यापीठानं कोर्टात सांगितलं तर केसमध्ये दम राहत नाही."

मी सरांच्या घरी गेले. त्यांनी दारातच उभं ठेवलं.

"विद्यापीठ तटस्थ आहे," सर म्हणाले.

"पोलिसांना विद्यापीठानंच बोलावलं, सर. मग तटस्थ कसं?"

"माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. समजून घे."

समजून घेतलं. माझ्यासारखीनंच नेहमी समजून घ्यायचं.

मग कुलसचिवांनी बोलावलं. माफीनामा तयार होता.

"चोरी केली म्हणून सही कर. निबंध कुणाकुणाला दिले, त्यांची नावं लिही. पीएच.डी. पूर्ण करू देऊ."

आई डोळ्यांपुढं आली. खोटं का सांगू, मी पेन उचललं. नावांसाठी खाली जागा सोडलेली होती. पहिलं नाव निलंग्याच्या मुलीचं पडलं असतं. उद्या तिच्याही दारात पोलीस. तिच्याही गळ्यातलं कार्ड.

मी पेन ठेवलं.

"मी वाचायला दिलं. चोरी केली नाही. नावं देणार नाही."

"मग निघ."

निघाले. नोंदणी रद्द झाली.

आता लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. केसचं तिथं कुणाला माहीत नाही. कळलं की हाकलतील. तारखेला नांदेडच्या कोर्टात जाते, पुढची तारीख घेऊन येते. निलंग्याच्या मुलीनं माझा नंबर ब्लॉक केलाय. तिला भीती वाटते. तिला तरी काय म्हणू? विद्यापीठालाच वाटते.

मी सुटेन असं मला वाटत नाही. कुणी माझ्या बाजूनं बोलेल, ही आशाही संपली. पण साक्षीसाठी कुलसचिवांना पिंजऱ्यात यावं लागणार आहे. उलटतपासणीत त्यांना काय विचारायचं, ते मी वकिलांना सांगून ठेवलंय.

ही मुलगी तुमची कोण होती?

'आमची विद्यार्थिनी', एवढं तरी त्यांना शपथेवर म्हणावं लागेल. माझ्या तोंडावर. तोवर मी एकही तारीख चुकवणार नाही.