इस्त्री न केलेला निरोप

ती नेमकी कोणाची, सरकारी अंतराळ संस्थेची की बाहेरून येणाऱ्या शास्त्रज्ञांची? या प्रश्नाचे उत्तर तिच्या नवऱ्यालाही कधी देता आले नाही; प्रस्तुत लेखातही ते सापडणार नाही.

हुद्दा संपर्क अधिकाऱ्याचा. काम इकडचे निरोप तिकडे पोचवण्याचे. निरोपांतल्या शिव्या, टोमणे, कुत्सित खोचा वाटेतच सपाट होत, म्हणून दोन्ही पक्ष तिला 'इस्त्रीबाई' म्हणत. घरी सासू आणि नणंद यांच्यामध्ये हेच करून तिचा हात बसलेला होता.

संस्थेचा नियम मोठा नामी होता. बाहेरच्यांनी यानाच्या जुळणीच्या दालनात पाऊल टाकायचे नाही, आणि बाहेरच्यांनी सांगितल्याशिवाय आतल्यांनी त्यांच्या उपकरणाला हात लावायचा नाही.

विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी आठ वर्षे खपून दुर्बीण बनवली होती. यान कवचात बंद करण्याच्या दिवशी ते दालनाच्या काचेला बाहेरून नाक लावून उभे होते, तेव्हा त्यांना दिसले की दुर्बिणीच्या तोंडावरचे लाल झाकण अजून तसेच आहे. थोड्याच वेळात यानावर कवच बसणार होते. मग दुर्बीण जन्मभर त्या झाकणाची आतली बाजू न्याहाळत राहिली असती.

"बाई, त्या गाढवांना म्हणावं, झाकण काढा!"

ती आत गेली. "साहेब," ती मुख्य अभियंत्यांना म्हणाली, "सरांची विनंती आहे, सवडीनं झाकणाकडे एकदा लक्ष द्यावं."

अभियंत्यांनी मान वळवून लक्ष दिले. "छान बसलंय. सांगा त्यांना."

तिने सांगितले. प्राध्यापक मटकन खाली बसले. "अहो, आठ वर्षं! माझा मुलगा मला काका म्हणायला लागला होता हो!"

या वाक्याची घडी तिला कुठूनच घालता येईना. ती पुन्हा आत गेली.

"साहेब, सर म्हणतात, तुम्ही गाढव आहात."

कोणाच्या तरी हातातला पाना खाली पडला.

"कोण म्हणतं?"

"सर. आणि आता मीही. ते झाकण काढा आधी!"

इस्त्रीबाईच्या तोंडून असे शब्द निघाले म्हणजे आभाळच कोसळले असणार, हे सर्वांना एकदम पटले. कवच उचलणारी क्रेन थांबली, झाकण निघाले. अभियंते लालबुंद झाले होते. "त्या दीडशहाण्याला विचारा, इतका वेळ तोंड शिवलं होतं का?"

बाहेर येऊन ती म्हणाली, "सर, निघालं झाकण. आणि साहेब म्हणतात, तुमचा आवाज आणखी लवकर ऐकायला आवडला असता."

२००८ साली ती निवृत्त झाली. तिच्या जागी दोघांची नेमणूक झाली, एक आतल्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी.