खलील सरांचा दारातला तास

खलील सर आमच्या हायस्कुलात पहिल्यांदा आले, त्या दिवशी त्यांनी शिकवलं काहीच नाही; आम्हांला सरळ वर्गाबाहेर काढलं. मी तेव्हा नववीत होते. औसा तालुक्यातलं आमचं गाव, आणि लातूरहून पहिल्या एसटीनं आलेले हे उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीच्या शर्टातले इंग्रजीचे नवे सर. म्हणाले, "हा वर्ग माझं घर, तुम्ही पाहुणे. एकेक जण आत या. आल्यावर काय बोलायचं ते बोला, मग बसा."

झालं. आम्ही एकमेकींना ढकलतोय, कुणी पुढे व्हायला तयार नाही. दारातून आत यायचं, समोर बघून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, आपलं नाव सांगायचं, मागून येणाऱ्याची ओळख करून द्यायची, 'हाउ आर यू'ला उत्तर द्यायचं आणि निरोप घेऊन बाकावर बसायचं. चुकलं की परत दाराबाहेर. मी चार वेळा बाहेर गेले. तास संपला तरी अर्धा वर्ग व्हरांड्यात. हेडमास्तर तणतणत आले, तर सरांनी त्यांनाच हात पुढे करून 'गुड मॉर्निंग' केलं आणि आमची ओळख करून दिली, एकेकाची, नावानिशी. पहिल्याच दिवशी सगळी नावं पाठ! आम्ही थक्क झालो होतो.

आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि माझा आनंद गगनात मावत नाही. मी सुमन, नांदेडच्या एका रुग्णालयात मेट्रन आहे. या गौरवग्रंथात संपादकांनी मला मोजकी पानं दिली आहेत आणि मी अजून दारातच उभी आहे, तरी एक गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे. हा ग्रंथ निघणारच नव्हता. सत्कार समिती सरांकडे दोनदा गेली आणि सरांनी दोनदा हात जोडून नकार दिला. "माझ्या हातून एक चूक झालेली आहे. माझा सत्कार नको," एवढंच म्हणाले. कोणती चूक, ते समितीला कळेना. मला मात्र ठाऊक होतं, कारण ती माझ्याच घरात घडली होती.

सर लातूरचे. वडील भांड्यांना कल्हई करायचे. सर सांगतात, "अब्बा गिऱ्हाइकाला आधी सलाम करायचे, मग भांडं बघायचे. मी तेच इंग्रजीत करून राहिलो." त्या काळी आमच्या भागात इंग्रजी म्हणजे परीक्षेत नापास व्हायचा विषय. सरांनी ते बोलायला लावलं. आम्ही एसटीच्या कंडक्टरला गुड मॉर्निंग म्हणू लागलो, दळणाच्या रांगेत एकमेकींच्या ओळखी करून देऊ लागलो. गिरणीवाला वैतागून म्हणायचा, "ए बायांनो, पीठ घ्या अन् जावा की." आम्ही त्यालाही गुड बाय म्हणायचो.

आणि मग भूकंप झाला.

त्या पहाटेबद्दल मी फार लिहिणार नाही. आमची मातीदगडाची घरं बसली. वडील कामासाठी परगावी होते. मला खरचटलंसुद्धा नाही; मायला शेजाऱ्यांनी दगडांखालून काढलं. अंगावर जखम दिसत नव्हती. ती ताडपत्रीखाली चादर ओढून पडली होती. "पोटात दुखून राहिलं ग," एवढं शेजारणीला म्हणाली आणि गप्प झाली. मी तिच्या उशाशी मुकीच बसले होते. दुसऱ्या दिवशी बाहेरून डॉक्टरांची पथकं आली. एक गोरी डॉक्टरीणबाई आमच्या ताडपत्रीशी थांबली. तिच्याबरोबरचा मराठी बोलणारा माणूस मागे कुणाला तरी उचलायला थांबला होता. बाईंनी मला विचारलं, "हाउ आर यू?"

मी ताठ उभी राहिले. "गुड मॉर्निंग, मॅडम. आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?" मग नाव सांगितलं. मग मागे वळून, "धिस इज माय मदर." बाईंनी वाकून मायकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, झोपल्यासारखी दिसत होती. बाई हसल्या, माझ्या गालाला हात लावला, बिस्किटाचा पुडा दिला. आणि मी, सरांनी शिकवलं होतं तसंच, 'गुड बाय' म्हटलं. त्या गेल्या.

अर्ध्या तासानं सर आले. मिळेल त्या ट्रकमधून आणि उरलेलं अंतर पायी, हातात वर्गाची हजेरी घेऊन, प्रत्येक मूल शोधत. मी धावत जाऊन सांगितलं, "सर, मी इंग्रजीत बोलले! एकदासुद्धा चुकले नाही." सरांनी कौतुकानं ऐकायला सुरुवात केली. मग त्यांचं लक्ष मायच्या ओठांकडे गेलं. पांढरे पडले होते. त्यांनी विचारलं, "बाईंना मायचं दुखणं सांगितलंस?" मी म्हणाले, "ते तर आपल्या धड्यात नव्हतं, सर."

सर पळाले. काळ्या रानात चिखल, त्यात एक चप्पल गेली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पथकाची जीप निघाली होती. कुणालाही भेटलं की आधी अभिवादन करणारे आमचे सर जीपच्या आडवे झाले, बॉनेटवर हात आपटले आणि ओरडले, "मदर! डाइंग! कम!" गुड मॉर्निंग नाही, एक्सक्यूज मी नाही. बाई उतरून धावत आल्या, मायच्या पोटाला हात लावला आणि तिला तशीच जीपमध्ये घातली. लातुरात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आत रक्तस्राव होत होता. आणखी तासाभरानं आणलं असतं तर काही खरं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

त्या दवाखान्याच्या पायरीवर सर माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सुमन, चूक तुझी न्हाई. मी तुमच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं. सवाल काय आहे, ते सांगायचं राहिलं." मी तेव्हा रडत होते, मला ते पुरतं कळलंही नाही.

पुढे सरांनी हायस्कूलची नोकरी सोडली आणि लातुरातच राहिले. शहराला तेव्हा क्लासचं वेड लागलं होतं. गल्लोगल्ली बोर्ड, खोली-खोलीत हदगावपासून उदगीरपर्यंतची पोरं. सरांनीही एका बांगड्यांच्या दुकानावरची खोली घेतली. पण धडा बदलला. पहिला आठवडा एकच सराव: 'आय ॲम नॉट वेल. माय मदर इज हर्ट. प्लीज कम.' उत्तर खरं वाटलं नाही की दाराबाहेर. एका मोठ्या क्लासवाल्यानं गळ घातली की मुलाखतीचं इंग्रजी पंधरा दिवसांत घोटून घ्या, नोट्स छापू. सर म्हणाले, "घोटून घेतलेलं एकदा भोगलंय, भाऊ. आता नको."

दुसरी अट अशी, की क्लासला आणून सोडणाऱ्या माणसाची ओळख पोरानं स्वतः करून द्यायची. नायगावची एक मुलगी 'धिस इज माय मदर, हर नेम इज' इथे अडकली. मायचं नावच तिला आठवेना. गावात सगळे तिला बाळूची माय म्हणत. बाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "अनुसया." सर खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "अनुसयाबाई, तुम्हांला भेटून आनंद झाला. बसा, चहा सांगतो." त्या बाईंना असं नावानं बसवून घेणारं कुणी याआधी भेटलं असेल असं मला वाटत नाही.

मी नर्स झाले, ती सरांनी अर्ज भरून दिल्यामुळे. माझ्या वॉर्डात नव्या पोरींना मी सांगते, पेशंट बरा आहे म्हणाला तरी चादर बाजूला करून बघा.

सरांनी दुसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी मायला सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं तिला माहीतच नव्हतं की डॉक्टरीणबाई एकदा येऊन परत गेली होती, आणि का गेली होती. माय म्हणाली, "रिक्षा बोलाव."

स्टँडपर्यंत रिक्षा, तिथून एसटीनं लातूर. सरांच्या घरी ती खुर्चीवर बसेना, उभ्यानंच बोलली. "गुरुजी, तुमाला ठाव न्हाई, म्हणून सांगून राहिले. त्या टायमाला मला डोळे उघडवत नव्हते. ह्या पोरीला दगड लागला का, हातपाय धड हायेत का, काईच कळत न्हव्हतं. इचारायला आवाज निघंना. माझा जीव जाऊन राहिला होता, अन् जाऊ द्यावा असंच वाटून राहिलं होतं."

मायनं माझ्याकडे बोट केलं.

"तेवढ्यात ही बोलली. काय बोलली ते मला काय कळतंय? पर खणखणीत बोलली, गुरुजी. न रडता, न अडखळता. म्हणलं, माझी सुमी धडधाकट हाय. मग मलाबी जगायचंय. गाडी येईस्तोवर तेवढ्यावरच दम धरला म्या. तुमी तिला बोलायला शिकवलं न्हसतं, तर ती माझ्या उशाशी मुकी बसून ऱ्हायली असती, अन् म्या गेले असते."

सरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, परत घातलाच नाही. मग मला म्हणाले, "सुमन, समितीला फोन लाव. पण मंचावर माझ्या शेजारची खुर्ची ह्या ताईंना द्यायची, न्हाई तर मी येणार न्हाई."

म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. सर, आम्हां सगळ्यांच्या वतीनं मागणं एवढंच: आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपला आवाज असाच खणखणीत राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत आपण आम्हांला दारातून परत पाठवत राहा. गुडघे दुखतात हे आपण फोनवर लपवता, ते मला कळतं. सोमवारी मी लातूरला येते आहे, मायला घेऊन. दवाखान्याची वेळ घेऊन ठेवली आहे.