रंगूबाई आणि शेजारणीचं सुख

वडगाव निंबाळकरच्या पाटाखाली रंगूबाईचा मळा होता. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, बांधाला पेरूची झाडं आणि मळ्यातच कौलारू घर. नवरा मोहनराव सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. बारामतीच्या बाजाराला माल घेऊन जायचे आणि सरळ घरी यायचे. मुलगी चांगल्या घरी दिलेली, मुलगा बारामतीला शिकायला. गावातल्या बायका तिच्यावर जळायच्या, आणि ही बाई हेवा करायची कोणाचा, तर शेजारच्या म्हाळसाचा.

हेवा करणाऱ्या माणसाला लोक उगाच नावं ठेवतात. मला विचाराल तर हेवा करायलाही नजर लागते. गावानं म्हाळसाकडे कधी नीट पाहिलंच नाही. पाहिलं ते एकट्या रंगूबाईनं.

म्हाळसा धनगराची. ती आणि तिचा नवरा आबाजी जन्मभर मेंढरांमागे चालले होते. आता अर्ध्याहून जास्त कळप विकून त्यांनी रंगूबाईच्या बांधाला लागून बरड जमिनीचा एक तुकडा घेतला होता आणि त्यावर छप्पर घातलं होतं. घरात बघण्यासारखं काही नाही. पण म्हाळसा हसायची. खुरपताना हसायची, पाणी भरताना हसायची. एकदा तिच्याच मेंढीनं तिची मेथी खाल्ली, तर कपाळाला हात लावायचा सोडून ही बांधावर बसून हसत सुटली. ते हसणं वांग्याच्या रानात ऐकू यायचं आणि रंगूबाईच्या अंगाची लाही व्हायची. हिला एवढं हसायला झालंय काय?

आधी तिला वाटलं, हा जमिनीचा गुण असणार. आबाजीची मेंढरं रात्रभर त्याच्याच रानात बसायची. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीमुतानं जमीन सुधारते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. जमीन सुधारते तर जमिनीवरचं माणूस का सुधारणार नाही, असा रंगूबाईचा हिशेब. वांगी लावायच्या आधी तिनं मोहनरावांच्या मागे लागून आबाजीची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली. वांगी अशी आली की बारामतीचे व्यापारी कुणाचा मळा म्हणून विचारायला लागले. मोहनराव खूश झाले. रंगूबाई मात्र त्या वांग्यांत उभी राहून बराच वेळ वाट बघत होती. पण आतून हसू काही फुटेना.

मग एका दुपारी सुटलेलं वासरू शोधत ती शेवरीच्या कुंपणापर्यंत गेली आणि थांबली. पलीकडे बाभळीखाली म्हाळसा आणि आबाजी जेवत होते. समोरासमोर, एकाच पितळीत. आबाजी भाकरी मोडत काहीतरी सांगत होता, म्हाळसा तोंडात घास असतानाच हसत होती, आणि कालवणातला मोठा बटाटा दोघं एकमेकांकडे सारत होते. पितळी रिकामी होईपर्यंत रंगूबाई तिथून हलली नाही. वासरू मिरचीत शिरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं म्हाळसाला गाठलं.

"नवऱ्याबरूबर एका ताटात जेवतीस. लाज न्हाय वाटत?"

"लाज कसली आक्का? मेंढरामागं हुतो तवा घोड्यावरच्या बिऱ्हाडात एकच पितळी असायची. दोघांनी तिच्यातच खायाचं. आता एकटीनं घासच उतरत न्हाय."

रंगूबाईच्या घरी, आणि खरं तर सगळ्याच घरी, रीत वेगळी होती. मोहनराव सोप्यात जेवायचे, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. ते उठले की रंगूबाई चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून जेवायची. लग्न झाल्यापासून तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती भिंत तिला दिसायला लागली, आणि म्हाळसावरचा तिचा राग दुप्पट झाला.

तिचा भाऊ गेणबा भवानीनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. रंगूबाईनं त्याला सांगून आबाजीला तिथं रखवालदाराचं काम लावून दिलं. गावात तिचं कौतुक झालं. शेजाऱ्यासाठी एवढं कोण करतं, म्हणाले. तिच्या मनात काय होतं ते मी सांगते: बघू आता कशी हसती. बस्स, एवढंच.

आबाजी तिकडंच राहायला गेला. म्हाळसा पाटावर उभी राहून रडली. त्या दुपारी रंगूबाईनं भिंतीकडे तोंड करूनच, पण एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मोहनराव जेवून उठले आणि रंगूबाई चुलीपुढे बसते न बसते तोच दारात म्हाळसा उभी. हातात पितळी, तिच्यात भाकरी आणि ठेचा.

"आक्का, घ्या वाढून. ह्येंच्याबिगर घास उतरंना. म्हनलं, तुमीबी एकट्याच जेवता."

रंगूबाई तिला हाकलणार, त्याआधीच म्हाळसा तिच्यात आणि भिंतीत जी जागा होती तिथं मांडी घालून बसली.

मग ती रोज यायला लागली. कुठल्या घाटात लांडगा आला, कुठल्या गावच्या पाटलानं मेंढरं बघून दार लावलं, असलं काहीबाही सांगायची. सांगता सांगता आपल्या पितळीतला ठेचा रंगूबाईच्या ताटात टाकायची. रंगूबाई आधी हुं हुं करायची. मग विचारायला लागली, "मग काय झालं गं?" पुढं पुढं सकाळपासून तिचं लक्ष दुपारकडे असायचं. एकदा सोप्यातून मोहनरावांनी हाक मारून विचारलं, "आत कोण हसतंय?" इतक्या वर्षांच्या बायकोचं हसणं त्यांना ओळखू आलं नव्हतं.

हेवा काही गेला नव्हता, त्यानं फक्त तोंड आबाजीकडे फिरवलं. आबाजी सुट्टीला आला की म्हाळसा बाभळीखाली जेवायची आणि रंगूबाई घरात भांडी आपटायची. हा माणूस कशाला येतो सारखा? त्याला तिकडं काही कमी आहे का?

आणि मग गेणबा निरोप घेऊन आला. आबाजीला राहायला खोली मिळाली होती, तो बायकोला घेऊन जाणार होता. "तुझ्या शबुदाखातर साहेबाच्या मागं लागून मिळवली बघ," गेणबा म्हणाला. आपल्या भावाचा एवढा राग रंगूबाईला कधी आला नव्हता.

म्हाळसा पाया पडायला आली.

"तुझं चित्त लागायचं न्हाय तितं," रंगूबाई म्हणाली. "नुसता धूर हाय. आन मळीचा वास. हितं तुझी जमीन हाय."

"जमीन आन मेंढरं दिरानं घेतली बघाया. धूर आसू द्या आक्का. ह्येनी एकलंच जेवत्यात तितं." म्हाळसाचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "तुमच्यामुळंच झालं समदं."

ते खरंच होतं.

म्हाळसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं मोहनरावांना वाढलं, आपलंही ताट वाढून आणलं आणि त्यांच्यासमोर बसली. मोहनराव दचकले.

"काय झालं?"

"काय न्हाय. जेवा."

बिचाऱ्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "वांगी बरी हायती औंदा." रंगूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पुढे काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही.

"म्हाळसा आता कुणासंगं जेवत आसंल वो?" तिनं विचारलं.

"नवऱ्यासंगं. दुसरं कोण हाय तितं?"

रंगूबाईला ते ठाऊक होतं. तरी तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"रोज?" ती म्हणाली.